दोन मण पाच शेर

मी लग्न होऊन पांढुर्ण्याला आले, त्या दिवशी माझे चुलतसासरे, म्हणजे आमचे काकाजी, मला डोक्यापासून पायापर्यंत पाहून काकींना एकच शब्द बोलले. "फेदर."

तो शब्द घरातल्या बायांना कळला नाही. कोणी म्हणालं इंग्रजी आशीर्वाद असेल. कोणी म्हणालं, नाही, रंगाबद्दल आहे. मी माहेरी गेल्यावर मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या भावाला विचारलं. तो म्हणाला, फेदर म्हणजे पीस, कोंबडीचं. मी वर्षभर मनात राग धरून काकाजींना चहा दिला. तो राग त्यांना कळला नाही, कारण चहा चांगला होता.

मग समजलं की काकाजी माणसं अशीच पाहायचे. बॉक्सिंगमध्ये वजनाचे वर्ग असतात आणि त्यात फेदर हा खालचा एक. पहिला मुलगा झाल्यावर मी त्यांच्या हिशेबाने लाइटमध्ये गेले, दुसऱ्यानंतर वेल्टरमध्ये. आज ते असते तर मला कुठे घातलं असतं, ते मी स्वतःला विचारत नाही. नातवंडांनी हौसेने आणलेला वजनकाटा मी पलंगाखाली सारून ठेवला आहे.

काकाजी स्वतः अगदी किडकिडीत. काळा कोट, खाली धोतर, आणि कोटाच्या बाह्यांतून बाहेर आलेली लांब मनगटं. सौसरच्या तहसील कचेरीत ते नाझर होते, म्हणजे कचेरीचं सामान आणि रोकड सांभाळणारे कारकून. सोमवार ते शनिवार सौसरला एका खोलीत राहायचे आणि शनिवारी संध्याकाळच्या मोटारीने पांढुर्ण्याला घरी यायचे. त्यामुळे पांढुर्ण्याचे लोक त्यांना सौसरचे नाझरजी म्हणत आणि सौसरचे लोक पांढुर्ण्याचे काकाजी. दोन्ही गावांना ते आपले वाटायचे, आणि दोन्ही गावांना थोडा संशयही होता.

एवढ्या हलक्या माणसाला भारी वजनाच्या बॉक्सरांचं वेड कसं लागलं, ते काकी सांगायच्या. लग्नाच्या आधी काकाजी काही वर्षं कामठीच्या छावणीत रेशनच्या गोदामात होते. तिथे गोऱ्या शिपायांच्या कुस्त्या, म्हणजे गुद्द्यांच्या कुस्त्या व्हायच्या आणि राउंड संपला की घंटा वाजवायचं काम कोणीतरी या कारकुनाला दिलं. तेवढ्यावर ते आयुष्यभर जगले. देश स्वतंत्र झाला तेव्हा सौसरला कचेरीवर झेंडा चढवून ते घरी आले, पेढे वाटले, आणि काकींना म्हणाले, "राज गेलं ते बरं झालं. कामठीतल्या त्या बॉक्सर सार्जंटचा डावा हात तेवढा गेला."

रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर बैठक भरायची. सतरंजी, पानाचा डबा, आणि नागपूरहून येणारा इंग्रजी पेपर. तो पेपर दोन-चार दिवस शिळा असायचा, पण ओट्याला त्याची घाई नव्हती. अमेरिकेतल्या त्या बॉक्सरांची नावं कोणाच्या जिभेला वळत नसत, म्हणून काकाजींनी त्यांना आपली नावं दिली होती. एक होता इंजिन. तो सरळ समोरून यायचा आणि मध्ये काय आहे ते पाहायचा नाही. दुसरा सुई. त्याचा डावा हात शिलाईच्या मशीनसारखा खालीवर चालायचा. इंजिन होता हेवी, म्हणजे सगळ्यात वरच्या वर्गातला, जिथे वजनाला वरून मर्यादाच नाही. सुई त्याच्या खालच्या वर्गातला, लाइट-हेवी. त्या वर्गाची मर्यादा काकाजींनी आपल्या मापात बसवून ठेवली होती, दोन मण पाच शेर.

इंजिन आणि सुई यांची लढत कधी झालीच नव्हती. तीच तर मजा होती. झालेल्या लढतीवर माणूस किती वेळ बोलणार?

काकाजींचं म्हणणं ठाम होतं. सुई वर चढून इंजिनला मारू शकतो. पायात चाल असली पाहिजे, पहिले दोन राउंड निघाले पाहिजेत. त्यांच्यासमोर बसायचे शंकरलालजी, कापसाचे दलाल, स्वतः पक्के हेवी. ते म्हणायचे, "नाझरजी, वजन म्हंजे वजन. गाडीत माल कमी भरला तं पैसा कमीच भेटते."

"कापूस पाय हलवते का, शंकरलालजी?"

"नाई हलवत. म्हणूनच त्याचा भरोसा हाय."

मी आत चुलीपाशी डोक्यावर पदर घेऊन हे ऐकायची. पहिल्यांदा वाटलं दोघं आता उठून मारामारी करतात. मग कळलं की ही मारामारी दर रविवारी जेवणाच्या वेळी थांबते आणि पुढल्या रविवारी तिथूनच सुरू होते. काकाजींना जागेवरून उठून दाखवायची सवय होती. डावा खांदा पुढे, हनुवटी खाली, आणि तो लांब हात सुईसारखा पुढे-मागे. एकदा दाखवता दाखवता शंकरलालजींची टोपी उडाली. शंकरलालजींनी ती उचलली, झटकली आणि म्हणाले, हा राउंड तुमचा.

एक आख्खा हिवाळा या लढतीवर वाद चालला. त्यात कोणीतरी नागपूरहून चिवडा बांधून आणला, आणि त्या पुड्याच्या कागदावर निघालं की इंजिनने हातमोजे खुंटीला टांगले त्याला बराच काळ झाला. इतके महिने आपण निवृत्त माणसावर पैजा मारून राहिलो, असं कोणीतरी म्हणालं. काकाजींनी कागदावरचं तेल पुसलं, पुन्हा वाचलं, आणि शांतपणे सांगितलं, "आपण त्याच्या चांगल्या सालाचा विचार करून राहिलो. त्याचं चांगलं साल, याचं चांगलं साल. आजचा तो आपल्याले कशाले पाहिजे?" वाद पुढे सुरू झाला.

मग छप्पन्न साल आलं आणि राज्यं बदलली. तोवर आमची राजधानी नागपूर, सकाळी निघालं की दुपारी तिथे. आता नागपूर गेलं मुंबई राज्यात, आम्ही राहिलो मध्यप्रदेशात आणि राजधानी झाली भोपाळ. घराघरात भांडणं लागली. मराठी बोलणारे आपण, तिकडे जायला पाहिजे होतं, असं एक म्हणायचा. दुसरा म्हणायचा, जिल्हा इकडे, जमीन इकडे, मुलाची नोकरी इकडे, तिकडे कोण विचारतं. बाप-लेक भरल्या ताटांवरून उठले अशी घरं मला माहीत आहेत. काकाजी सरकारी नोकर, त्यांनी ओट्यावर कायदाच केला. इथे राज्याची गोष्ट निघायची नाही, फक्त हेवीची निघेल.

लोकांनी कायदा पाळला, पण पोटातला राग कुठेतरी जायला हवा होता. तो पांढुर्णा आणि सौसर यांच्यात गेला. सौसरच्या चहाच्या दुकानात कोणी म्हणालं, पांढुर्ण्यात बोलणारे लय, लढणारा एक नाही. ते वाक्य शनिवारच्या मोटारीने काकाजींच्याच तोंडून पांढुर्ण्याला आलं, आणि रविवारी ठरलं की दोन गावांची एक लढत व्हायची.

पांढुर्ण्याचा माणूस शंकरलालजींनी दिला. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलणारा नथ्थू. गडी असा की पायरीवर बसला की पायरी दिसायची नाही, आणि स्वभावाने इतका गरीब की हातमोजे घालून बघ म्हटलं तर आधी विचारलं, मारल्यावर समोरच्याला राग नाही येणार ना? सौसरकडून उभा राहिला माणिक, बोरगावकडच्या एका संत्र्याच्या बागवाल्याचा मुलगा. नागपूरला कॉलेजात दोन वर्षं बॉक्सिंग शिकून आलेला, हात लांब, पाय चपळ.

पंच कोण, यावर मात्र वाद झाला नाही. दोन्ही गावांत बसणारा माणूस एकच होता. काकाजींनी अट घातली. लढत लाइट-हेवीत होईल. हेवी म्हटली की मर्यादाच नाही, आणि शंकरलालजी उद्या डोंगर आणून उभा करतील. दोन मण पाच शेराच्या आत दोघंही पाहिजेत, एका तोलाचे पाहिजेत, आणि वजन मी डोळ्यांनी पाहीन.

ते दिवस काकाजींच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते. चांभाराकडून मोजे शिवून घेतले, आत सरकी काढलेला कापूस भरला. काकींच्या लोणच्याच्या चार बरण्या अंगणाच्या चार कोपऱ्यांत ठेवून रिंगण आखून पाहिलं. रविवारी रात्री झोपताना ते राउंड मोजायचे, असं काकी म्हणायच्या. पण एक गोष्ट त्यांना ठाऊक होती आणि घरात सगळ्यांना ठाऊक होती. ही लढत स्वच्छ झाली तर दोन्ही गावांत त्यांचा मान राहील. थोडी जरी खोट निघाली तर सौसर म्हणेल, घर पांढुर्ण्यात, म्हणून घराकडे झुकला. आणि पांढुर्णा म्हणेल, भाकर सौसरची, म्हणून तिकडे झुकला. मग त्यांना बसायला ना हा ओटा ना तिकडचा बाक.

लढतीआधी कोणताच गडी दुसऱ्या गावात जायला तयार नव्हता, म्हणून वजन ज्याचं त्याने आपल्या गावात करायचं ठरलं. माणिकचं झालं सौसरला, लाकडाच्या टालीवरच्या, म्हणजे वखारीतल्या, काट्यावर. नथ्थूचं झालं पांढुर्ण्याच्या कापूस बाजारात, मोठ्या पारड्यात बसवून. दोन्हीकडे काकाजी हजर. दोघंही दोन मण पाच शेर, काटा अगदी बरोबर. जोड जमली म्हणून काकाजी इतके खूश, की नथ्थूच्या वजनाची गोष्ट आम्ही त्या रविवारी दिवसभर ऐकली.

लढतीच्या रविवारी सकाळीही ऐकली. काकाजी पाटावर बसलेले, काकी भाकर वाढताहेत, मी ताकाचं भांडं घेऊन उभी. काकाजींनी या वेळी मापाऱ्याचा, म्हणजे बाजारात वजन करणाऱ्या माणसाचा आवाज काढला. गाण्यासारखी ती हाक असते. "दोनाला नऊ, कडता जाता पाच!"

काकींनी भाकर ताटात ठेवली आणि विचारलं, "नथ्थूचाही कडता कापला?"

काकाजींचा हात थांबला.

कडता म्हणजे काय ते आमच्याकडे पाळण्यातल्या मुलालाही कळतं. शेतकऱ्याचा कापूस मोजला की गोणपाटाचं, ओलाव्याचं, कचऱ्याचं म्हणून मणामागे दोन शेर कापायचे. मापारी तो न विचारता कापतो, हाक देता देताच कापतो. ती हाक कानावर इतकी पडलेली की बाजारात उभ्या असलेल्या एकालाही ती ऐकू आली नाही. मापाऱ्यालाही नाही. नथ्थूच्या अंगावर लंगोट होता आणि त्याच्या वजनातून चार शेर गेले होते. नथ्थू लाइट-हेवी नव्हताच. दोन मण नऊ शेर म्हणजे सरळ सरळ हेवी.

काकाजी हात धुवून उठले. लढतीसाठी लोकांच्या मोटारी कापूस बाजाराकडे यायला लागल्या होत्या. बैलगाड्या तर तिगावकडून पहाटेच आल्या होत्या. ते आधी शंकरलालजींकडे गेले. आमचे हे त्यांच्याबरोबर होते, म्हणून तिथलं बोलणं मला कळलं.

शंकरलालजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, यात कठीण काय आहे, माणिकचाही कडता कापा, बरोबरी झाली. काकाजी म्हणाले, माणिकचा कापला तर तो कागदावर दोन मण एक शेर होईल, पण उभा तेवढाच राहील. मग शंकरलालजी म्हणाले, कडता बारदानाचा असतो, नथ्थूचे कपडे धरा त्यात.

"लंगोट चार शेराचा व्हता का?"

"ओला असंन," शंकरलालजी म्हणाले. पण मग त्यांचाच आवाज खाली आला. "नाझरजी, हे तुमाले आन् मले मालूम. तिसऱ्याले नाई. गाव भरून राहिलं. चार शेरासाठी तुमी सगळ्याचं वाटोळं करता का?"

काकाजी तिथून कापूस बाजारात गेले. दुपारी सगळ्यांसमोर नथ्थूला पुन्हा पारड्यात बसवलं आणि मापाऱ्याला सांगितलं, कापू नको, आहे तसं बोल. मापाऱ्याची जीभ वळेना. आयुष्यात कधी पूर्ण वजन बोलायची वेळ आली नव्हती त्याच्यावर. शेवटी तो म्हणाला, दोनाला नऊ. आणि इतका मोठा जमाव असूनही ते सगळ्यांना ऐकू गेलं.

आमचं गाव काही मवाळ नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून गोटे मारायची आमची रीत आहे, आणि तिथे कोणी कोणाचं वजन विचारत नाही. लोक म्हणाले, आले आहोत तर लढू द्या. सौसरवालेही म्हणाले, लढू द्या. सगळ्यात पुढे माणिक. तो मोजे बांधूनच उभा होता.

"काकाजी, मी लढतो. मले चार शेराचं काई नाई. तुमीच तं सांगत होते, सुई इंजिनले मारते करून."

मी बायांच्या घोळक्यात होते, गाडीवर उभी. तिथून काकाजींचा चेहरा दिसत होता. आयुष्यभर ज्या लढतीवर ते बोलले, ती लढत समोर उभी होती. हलका माणूस तयार, भारी माणूस तयार, दोन गावं तयार. घंटा त्यांच्याच हातात. एक टोला द्यायचा की त्यांचं खरं की शंकरलालजींचं खरं, ते कायमचं ठरणार होतं.

काकाजींनी घंटेची जीभ बोटांनी धरली, ती वाजू नये म्हणून.

"ते दोघं मले कधी भेटले नाई, माणिक," ते म्हणाले. "त्यांचं नाक फुटंन का, याचं मले काई वाटत नव्हतं. तुले मी पाह्यलं हाय."

आणि त्यांनी माणिकच्या मोज्याची नाडी सोडायला सुरुवात केली. गाठ ओल्या दोरीची, सुटेना. नथ्थू पारड्यातून उतरून आला आणि त्याने ती दातांनी सोडून दिली. लढतीतलं दोघांचं तेवढंच.

पुढे जे व्हायचं ते झालं. सौसरवाले म्हणाले, वजन आपल्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला आज सकाळीच कसं कळलं, आधीपासून ठाऊक असणार. पांढुर्णा म्हणाला, भाकर सौसरची ना, तिकडचा पोरगा वाचवला. काकींचं नाव काकाजींनी कुठेही घेतलं नाही. घेतलं असतं तर निदान अर्धे लोक हसून मोकळे झाले असते. सोमवारी ते नेहमीच्या मोटारीने सौसरला गेले आणि शनिवारी परत आले. रविवारी सतरंजी घातली. पानाचा डबा ठेवला. कोणी आलं नाही. काकाजी दुपारपर्यंत एकटे पेपर वाचत बसले, मग सतरंजी स्वतःच झटकून आत आणली. पुढल्या रविवारी पुन्हा घातली.

सौसरला काय चाललं आहे, ते सांगत नसत. एकदाच म्हणाले की चहाच्या दुकानात आता जागा मोकळी मिळते.

शंकरलालजी यायला लागले, पण आंब्याला मोहोर येऊन गेल्यावर. हळूहळू बाकीचेही आले. बोलणं सुरू झालं, नवे बॉक्सर आले, त्यांना नवी नावं मिळाली. पण कोणाशी कोणाची जोड लावायची, असं निघालं की काकाजी पाणी प्यायला आत येत. आणि आत येऊन पीत नसत. माठापाशी थोडे थांबून परत जात.

काकींनी एकदा विचारलंच. मी तांदूळ निवडत बसले होते, मान वर केली नाही.

"त्या दिवशी लढले असते तं कोण जिंकलं असतं?"

काकाजींनी माठावरचं झाकण नीट केलं. मग म्हणाले, "माणिक. तिसऱ्या राउंडात."

"मग काहून नाई लढू देल्लं? तुमचंच खरं झालं असतं."

"पहिल्या दोन राउंडात काय झालं असतं, ते नाई विचारलं तू," काकाजी म्हणाले, आणि बाहेर गेले.

दोन-तीन वर्षांनी ते निवृत्त झाले. त्यानंतर लगेच आमची बदली बैतूलला झाली आणि काकाजी गेले तेव्हा मी बाळंतीण होते, जाता आलं नाही. म्हणून मला ते शेवटचे दिसतात ते निवृत्तीच्या दिवशी, मोटारीत. सौसरची खोली आवरायला मी आणि काकी गेलो होतो. कचेरीतल्या लोकांनी हार घातला, तो त्यांनी घडी करून पिशवीत ठेवला. मोटारीवर पोचवायला दोघं-तिघं आले, ते हवापाण्याचं बोलले आणि मोटार सुटायच्या आधीच गेले. काकाजी पुढच्या बाकावर काकींच्या शेजारी बसले. मी मागे.

वाटेत एका गावाला दोन गृहस्थ चढले. दोघंही चांगले जाडजूड, दोघांकडेही बोचकी. दोघांनाही मागची एकच रिकामी जागा दिसली, एका लहान मुलीशेजारची, आणि दोघं एकाच वेळी तिथे बसले, म्हणजे अर्धे बसले. मग सुरू झालं. आधी मी आलो. तिकीट माझं आहे. तुझ्या बापाची मोटार आहे का? कंडक्टर हसत होता, लोक मजा पाहत होते, एक-दोघं तर चढवतही होते.

काकाजी उठले. हलत्या मोटारीत दांड्याला धरत मागे आले आणि दोघांकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. भांडणारे आपोआप थांबले, असं पाहणं होतं ते. मग त्यांनी एकाचं कोपर धरलं, त्याला शाळेतून घरी निघालेल्या त्या लहान मुलीशेजारी नीट बसवलं. दुसऱ्याला पुढे नेलं आणि आपल्या जागेवर, काकींच्या शेजारी बसवलं. काकी बारीक होत्या, बाक बरोबर भरला. बोचकी पायाशी लावून दिली.

"आन् तुम्ही कुठं बसता?" काकींनी विचारलं.

"मी उभाच बरा," काकाजी म्हणाले. "पांढुर्णा आलंच."

पांढुर्ण्याला अजून तासभर होता.